ताप, पुरळ आणि गोचीड

अकोट, तेल्हारा, अचलपूर, धारणी या सातपुड्याच्या कुशीतल्या तालुक्यांत तूर-हरभऱ्याच्या हंगामात रोही आणि रानडुकरं शेतात उतरतात. शेतकरी जागलीला जातो, सकाळी पिकाची नासाडी बघतो. त्या जनावरांच्या अंगावरून धुऱ्यावरच्या गवतात गळून पडलेल्या गोचिडी मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत. तिथंच बैल चरतात, राखणीचं कुत्रं फिरतं, आणि गोचीड त्यांच्यासोबत घराच्या ओसरीपर्यंत येते.

काही गोचिडींच्या पोटात रिकेट्सिया नावाचे जिवाणू असतात. अंड्यातून निघाल्यापासून गोचिडीला वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर कोणाचं तरी रक्त प्यावं लागतं. अनेक जातींच्या गोचिडी तर दर वेळी नवं जनावर शोधतात. मादीच्या अंड्यांतून हे जिवाणू पुढच्या पिढीतही उतरतात, त्यामुळे गोचीड ही रोगाची वाहक आणि कोठार दोन्ही असते. गोचीड चावून या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराला भारतात 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. अमेरिकेतल्या अशाच तापाचा माग काढत हॉवर्ड रिकेट्स यांनी 1906 मध्ये गोचिडीचा दोष सिद्ध केला. चारच वर्षांनी मेक्सिकोत टायफसवर संशोधन करताना त्याच रोगानं त्यांचा बळी घेतला. जिवाणूंना नाव त्यांचंच मिळालं.

हे जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतात. सगळं दुखणं तिथून सुरू होतं. आधी जोराचा ताप आणि डोकेदुखी, मग काही दिवसांनी हातापायांवर पुरळ. ते तळहात आणि तळपायांवरही उठतं, ही मोठी खूण. दुर्लक्ष झालं तर बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, मेंदू आणि फुप्फुसांपर्यंत इजा पोचते. गोवर, डेंग्यू समजून पहिले दिवस निघून जातात आणि तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

याची उकल करण्यात अकोल्याचा वाटा मोठा आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या मुलांचा अभ्यास करून 2011 मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये एक गुणपद्धत मांडली. मूल खेड्यातलं आहे का, घरी जनावरं आहेत का, गोचिडीशी संबंध आला का, तळहातावर पुरळ आहे का, प्लेटलेट आणि सोडियम किती, अशा बाबींना गुण द्यायचे. 35 पैकी 14 गुण भरले की रोगाचा दाट संशय धरायचा. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या गावच्या डॉक्टरला हे फार उपयोगाचं आहे, कारण वाइल-फेलिक्ससारखी तपासणी पहिल्या आठवड्यात बहुधा काही दाखवतच नाही. रिपोर्टची वाट बघत बसणं रुग्णाला महागात पडतं.

औषध जुनं, स्वस्त आणि सहज मिळणारं आहे: डॉक्सिसायक्लिन. ते वेळेत सुरू झालं तर ताप बहुतेकांचा 48 तासांत उतरतो. नेहमीची पेनिसिलिनच्या जातीची औषधं इथं चालत नाहीत आणि सल्फाच्या गोळ्यांनी आजार बळावू शकतो. मुलांच्या दातांवर डाग पडतील म्हणून डॉक्सिसायक्लिन टाळायची प्रथा होती, पण थोड्या दिवसांच्या उपचारात ती भीती रास्त नाही, हे आता मान्य झालं आहे.

2018 च्या पावसाळ्यात विदर्भात गाजलेला स्क्रब टायफस याच्या नात्यातला. तो पसरवणारा जीव गवतातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. त्यातही बहुतेकदा हेच औषध लागू पडतं.

गोचीड अंगाला चिकटली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चटका, नखानं चिरडणं, हे काही करू नका. कुत्र्याच्या कानांत, बैलाच्या पोळीखाली नियमित बघा, गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवा. आणि घरात कोणाला ताप येऊन तळहातावर पुरळ दिसलं, तर डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण होऊन सांगा: आमच्याकडे गुरं आहेत, कुत्रं आहे, आम्ही जंगलाकाठच्या शेतात जातो.