आकस सिद्ध कसा करायचा?

लॉस एंजेलिस पोलिसांकडे २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत पोलिसांनी पक्षपात केल्याचे १,३५६ आरोप नोंदले गेले. त्यांपैकी खात्याने ग्राह्य धरला एकही नाही. एवढे आरोप आणि सगळेच निराधार? हे पटणे अवघड आहे. पण त्यात दोष तपासाच्या पद्धतीचाही होता.

‘माझा वर्ण पाहून मला अडवले’ अशी तक्रार आली की तपास अधिकारी संबंधित पोलिसाला विचारणार, तो नाही म्हणणार, आणि प्रकरण मिटणार. मनातला हेतू कबुलीतून सिद्ध होत नसतो. म्हणून एका घटनेपुरते न पाहता त्या पोलिसाची वागणूक तपासावी लागते: तो कोणाला अडवतो, कोणाची झडती घेतो, तशाच प्रसंगी इतरांना नुसती समज देऊन सोडतो का, आधीच्या तक्रारी काय होत्या. लॉस एंजेलिस पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीनंतर १९९१ मध्ये नेमलेल्या ख्रिस्तोफर आयोगाने तर गस्ती गाड्यांतल्या संगणकांवरून पोलिसांनी एकमेकांना धाडलेले संदेश वाचले. त्यांत उघड वर्णद्वेषी शेरे सापडले. आपले बोलणे कोणी वाचेल, असे बहुधा वाटलेच नसावे!

कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून, अडवलेली व्यक्ती कोणत्या वंशाची वाटली, का अडवली, पुढे काय केले, हे नोंदवणे पोलिसांना सक्तीचे केले. मात्र ही माहिती राज्याकडे जाताना पोलिसाचे नाव उघड होत नाही. त्यामुळे एखाद्या तक्रारीत तिचा उपयोग करायचा, तर खात्याला आपलेच दप्तर उघडावे लागते.