पायाखालचं पाणी (भाग ६) : तेल शोधणारी विहीर

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली आणि रायगडच्या किनाऱ्यावर काळं तेल आलं. ते सगळ्यांना दिसलं, म्हणून उचलायला तरी माणसं धावली. जमिनीत मुरलेलं तेल असं दिसत नाही. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात विहिरीच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, तेव्हा कुठे खाली पाइपलाइन गळत असल्याचं लोकांना कळलं.

समजा, किनाऱ्यावरच्या थळसारख्या गावात एखाद्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी झिरपू लागली. सगळे आधी वाडीतल्या विहिरीकडे धावतील. पण नारळी-पोफळीसाठी खणलेली ती विहीर या कामाला पुरी पडत नाही. तिचं तोंड उघडं, त्यामुळे बेंझिनसारखी द्रव्यं उडून जातात. रोजच्या उपशाने चहूकडचं पाणी तिच्यात मिसळतं. बोअरवेलचा भरवसा त्याहून कमी. पेट्रोल-डिझेल पाण्याहून हलकं, ते भूजलाच्या माथ्यावर तरंगतं, आणि बोअरवेल पाणी ओढते खोल खडकातून.

म्हणून निरीक्षण विहीर वेगळी घेतात. अरुंद भोकात खाचा पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती धुतलेली वाळू, वर बेंटोनाइट मातीचा बूच. खाचांचा पट्टा पाण्याच्या पातळीच्या वरही हवा आणि खालीही. पातळी चढून खाचा बुडाल्या, की तरंगणारं तेल पाइपात शिरतच नाही आणि अहवाल निर्दोष येतो.

किनाऱ्यावर खरी अडचण इथेच आहे. पुळणीलगतची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते, पावसाळ्यात आणखी चढते. त्या चढ-उतारात तेल वाळूच्या कणाकणाला माखत जातं. उन्हाळ्यात पाइपात दिसलेला थर श्रावणात नाहीसा होतो, पण तेल जमिनीतच असतं. त्यामुळे एकाच फेरीवरून 'प्रदूषण नाही' असं लिहून देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पाणी कुठे वाहतं हे ठरवायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात, आणि एक टाकीच्या वरच्या अंगाला, तुलनेसाठी. वाळूखालच्या काळ्या पाषाणात मात्र तेल उताराचं ऐकत नाही, भेगेच्या वाटेने जातं.

नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात. आत हवेचा बुडबुडासुद्धा चालत नाही. मग ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बेंझिन नसावं. नाकाला ते कळायला साधारण याच्या हजारपट लागतं. 'वास येत नाही, पाणी बरं आहे' हे वाक्य या बाबतीत धोक्याचं आहे.

ग्रामपंचायतीच्या हाती असा अहवाल आला, तर आकड्यांच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : खाचा किती खोलीवर आहेत, आणि पातळी मोजली तेव्हा भरती होती की ओहोटी. या नोंदी नसतील तर मोजणी पुन्हा मागावी. मातीचे नमुने पुढच्या आठवड्यात.