जुन्या मोटारीच्या खोडी

शाळेच्या फाटकाशीं आमची मोटार येऊन थांबली म्हणजे खालच्या इयत्तांतील मुलें तिच्याभोंवतीं जमून हंसतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. कोनेदार अंगाची, मागील बाजूस दोन लहानसे पंख उभारलेली अशी गाडी परभणींत त्यांनीं दुसरी पाहिलेली नसते. पालकांपैकीं कांहीं सज्जन मात्र हंसत नाहींत, "सर, ही मोडींत कां घालीत नाहीं?" असें कळकळीनें विचारतात. गेल्या उन्हाळ्यांत हा प्रश्न आम्हांसही टाळतां येईना. तेव्हां असली जुनी व चमत्कारिक मोटार बाळगणें आणि चालविणें म्हणजे काय, हें येथें थोडें सांगावें असें योजिलें आहे.

आमची गाडी स्टँडर्ड हेरल्ड जातीची असून आमच्या वडिलांनीं ती जुनीच विकत घेतली होती. हिचें मूळ इंग्लंडांतील ट्रायम्फ हेरल्ड. ती १९५९ सालीं बाहेर पडली व तिचा आकार मिचेलोती नांवाच्या इतालियन कारागिरानें आंखला होता. १९६१ पासून मद्रास येथील स्टँडर्ड कंपनीच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली. अँबॅसडर व फियाट यांच्या मानानें हेरल्ड थोड्याच निघाल्या. पुढें तो कारखानाही गाड्या करीनासा झाला. त्यामुळें आज सुटा भाग हवा असल्यास तो शोधावा लागतो, नाहीं तर घडवावा लागतो.

इतर मोटारींचें बॉनेट पेटीच्या झांकणासारखें वर होतें. हेरल्डचा दोन्ही मडगार्डांसहित सबंध पुढचा भाग नाकावर पालथा होतो, आणि मिस्त्री पुढील चाकावर खुशाल बसून इंजिन उघडूं शकतो. तिचें अंगही अखंड नाहीं. मूळ कारखानदारांस त्या वेळीं संपूर्ण अंग ठोकून देणारा कोणी मिळेना, म्हणून निरनिराळे तुकडे करवून ते चासीवर बोल्टांनीं जोडण्याची युक्ति त्यांनीं काढिली. अडचणींतून निघालेली ही युक्ति आमच्या पथ्यावर पडली आहे. एक तुकडा गंजला तर तेवढाच सोडवून घेतां येतो. पावसाळ्यांत मात्र त्याच सांध्यांतून पाणी ठिबकतें, व आमच्या कुटुंबास गाडींत छत्री जवळ ठेवावी लागते. वळण्यास हिला अवघें २५ फुटांचें वर्तुळ पुरतें, हा गुण बाजारांतील गर्दींत फार उपयोगी पडतो.

चालविण्याचें शिक्षण निराळें घ्यावें लागतें. पहिल्या गिअरास वेग जुळवून घेण्याची योजना नसल्यामुळें, गाडी पुरती थांबण्यापूर्वीं तो टाकल्यास आंतून दांत खाल्ल्यासारखा आवाज येतो. चालत्या गाडींत तो टाकणें भागच पडलें, तर क्लच दोनदां दाबावा. प्रथम दाबून गिअर मोकळा करावा, क्लच सोडून इंजिनाचा वेग किंचित् वाढवावा, आणि पुन्हा दाबून गिअर टाकावा. अशानें दोन्ही दंतचक्रें सारख्या गतीनें फिरूं लागतात व एकमेकांत निमूटपणें शिरतात. मागच्या चाकांची खोड याहून वाईट. त्यांचे आंस मध्यभागीं बिजागरीवर असल्यासारखे हालतात. वळणावर वेग जास्त असून चालकानें एकाएकीं पाय काढिला, कीं गाडीचा मागील भाग उचलला जातो, चाकें खालून आंत दुमडतात व रस्त्याची पकड सुटते. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधीं. दुचाकीवर भरधांव जाणाऱ्या आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांनीं एवढें वाक्य तरी पुन्हा वाचावें.

आतां उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. हेरल्डचा पेट्रोल-पंप इंजिनालाच लागून आहे. पेट्रोल लवकर उकळणारें; तें पंपांत व नळींत तापून त्याची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठीं केलेला, वाफ त्याच्यानें ओढवत नाहीं, आणि गाडी उभी राहते. गेल्या मे महिन्यांत गंगाखेडच्या रस्त्यावर भर दुपारीं असेंच झालें. त्या वेळीं आम्ही आमच्या वृद्ध मातोश्रींस परभणीच्या दवाखान्यांत आणीत होतों. एका शेतकऱ्यानें आपल्या घागरींतील पाणी दिलें. ओलें फडकें पंपावर गुंडाळून आम्ही वीस मिनिटें वाट पाहिली, तेव्हां इंजिन चालू झालें. मातोश्री एका शब्दानें बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

त्यांतच पेट्रोलांत आतां इथेनॉल असतें; २० टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गाठलें. इथेनॉल ओलावा शोषून घेतें व जुन्या प्रकारच्या रबरास फुगवितें किंवा ठिसूळ करितें. तें उसापासूनही होतें. गोदाकांठच्या उसाच्या जिल्ह्यांत राहून आम्ही त्याविषयीं फार कुरकुर करणें बरें दिसणार नाहीं. आमच्या मिस्त्रींनीं सर्व नळ्या व पंपाचा पडदा बदलून दिला.

हे मिस्त्री आतां वृद्ध झाले आहेत. इंजिनाच्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरांत दोष आहे हें ते सांगतात, आणि न मिळणारा भाग लेथवर कातून घेतात. मोठ्या कारखान्यावांचून मोटारही घडते, हें इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं दाखविलेंच आहे. त्यांनीं १९४९ सालीं 'मीरा' नांवाची चिमुकली गाडी स्वतः बनविली व पुढें अनेक वर्षें ती सुधारीत नेली. ती विक्रीस आली नाहीं, तरी चालली. आमच्या मिस्त्रींचे मुलगे मात्र दुसऱ्या धंद्यांत गेले आहेत.

२०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते व तिला निराळा क्रमांक मिळतो. परंतु अशी गाडी रोजच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतवजा मेळावा, दुरुस्ती व पेट्रोल भरणें एवढ्यापुरतीच तिला मोकळीक. आपला जिल्हा ज्या निजामी राज्यांत होता, त्याच्या सहाव्या निजामानें मागविलेली पिवळी रोल्स-रॉईस हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यांत आहे. तिच्यांत सिंहासनासारखें उंच आसन आहे. उभ्या आयुष्यांत ती फारच थोडे मैल चालली. पाहण्यास ती अप्रतिम असेल, पण तिच्या खोडी कोणास ठाऊक आहेत?

आम्हीं व्हिंटेज क्रमांक घेतला नाहीं. साधी नोंद पुढें चालू ठेविली आहे. मातोश्रींस दवाखान्यांत नेण्यासाठीं यापुढें भाड्याची गाडी करावयाची, व हेरल्ड शाळा, चर्च आणि बाजार एवढ्यावर ठेवावयाची, असें घरांत ठरलें. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर मिस्त्री फाटकापाशीं येतात व बॉनेट पालथें होतें. हंसणाऱ्यांपैकीं तिघे जण हल्लीं तेथें पाने धरावयास थांबतात.