रविवारचा एक तास

भगिनींनो, उपासना चालू असताना आपलं लहानगं रडलं, की सगळ्यांच्या माना मागे वळतात ना? मग आपण त्याला घेऊन व्हरांड्यात उभ्या राहतो आणि हळूहळू चर्चला येणंच सुटतं!

१७८० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. मुलांना सवड कधी, हे त्यांनी आधी पाहिलं.

आपणही तेच पाहावं. वयाप्रमाणे वर्ग करा. गोष्ट थोडक्यात सांगा, मग गाणं घ्या. वर्गावर नेहमी दोघीजणी असाव्यात. तान्ह्यांच्या आयांसाठी पाळीपाळीने कुणी मदतीला थांबावं.

आणि घरी जेवताना मुलाला विचारा, "आज काय ऐकलंस रे?" चर्चचा तास एकच, बाकीचा आठवडा घराचाच!