हत्ती, कासवं आणि क्रिकेटवेड्यांची फौज

साय-फाय आणि फँटसी सिनेमा म्हटलं की सगळे डोळे दिपवणाऱ्या दृश्यांचं कौतुक करतात. करू देत. माझं मत विचाराल, तर परकं जग आधी कानांना पटतं, डोळे मागून येतात. आणि कानांना पटवण्यासाठी सिनेमावाल्यांनी केलेले उद्योग ऐकाल, तर हसून मुरकुंडी वळेल.

‘स्टार वॉर्स’मधली (१९७७) प्रकाशाची तलवार, म्हणजे लाइटसेबर घ्या. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण एकत्र केली. पण तलवार फिरल्यावर आवाजही फिरायला हवा ना? पठ्ठ्याने ती घरघर स्पीकरवर लावली आणि त्याच्यासमोर माइक तलवारीसारखा सपासप फिरवत पुन्हा रेकॉर्ड केली! टाय फायटर विमानांच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार. खलनायक डार्थ व्हेडरचा श्वास? पाणबुड्यांचं श्वसनयंत्र.

‘जुरासिक पार्क’मध्ये (१९९३) टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू दडलंय. रॅप्टरच्या भुंकण्यात मात्र प्रणयात दंग झालेली कासवं आहेत. पोराटोरांसोबत बघताना हे मनातच ठेवा. डोळ्यांना फसवणारी एक युक्तीही ऐका. टी-रेक्स यायच्या आधी ग्लासातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं आठवतात? गाडीत गिटारची तार ताणून बसवली होती आणि खाली आडवा झालेला माणूस ती छेडत होता.

आणि माझा सगळ्यात लाडका किस्सा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मालिकेतल्या ‘द टू टॉवर्स’साठी दहा हजार उरुक-हाय या राक्षसी सैनिकांची गर्जना हवी होती. एवढी माणसं आणायची कुठून? फेब्रुवारी २००२ मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड वनडे होती. मधल्या सुट्टीत दिग्दर्शक पीटर जॅक्सन थेट मैदानात उतरले. मोठ्या स्क्रीनवर त्या राक्षसी भाषेतल्या घोषणा झळकल्या आणि सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांनी छाती बडवत, पाय आपटत स्टेडियम डोक्यावर घेतलं. फुकटची फौज! वानखेडेवर हे केलं असतं, तर लोकांना आवरता आवरता नाकी नऊ आले असते.

बाकी झटपट. १९५४च्या गॉडझिलाची डरकाळी म्हणजे डबल बास या वाद्याच्या तारांवर घासलेला, राळ लावलेला चामडी हातमोजा. डोळ्यांसाठीचे उद्योगही असेच. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधलं (१९६८) तरंगतं पेन दुहेरी चिकटपट्टीने काचेला चिकटवलेलं होतं, हवाईसुंदरी ते काढून घेते, तेव्हा नीट बघा. ‘मेट्रिक्स’ची हिरवी अक्षरं जपानी पाककृतींच्या पुस्तकातून उचललीत, असं ती घडवणारे सायमन व्हाइटलीच सांगतात.

आपल्या कोकणातल्या ‘तुंबाड’नेही (२०१८) कमी करामती केल्या नाहीत. खऱ्या पावसासाठी युनिटने पावसाळ्यामागून पावसाळे वाट पाहिली. आणि ती भयंकर म्हातारी? त्या मेकअपखाली नायक विनायकच्या मुलाचं काम करणारा मोहम्मद समद होता. म्हणजे विनायकचा थरकाप उडवणारी म्हातारीही तोच आणि त्याच्यामागे खजिन्याकडे धावणारा पोरगाही तोच.