ट्रॅक्टरचं पाणी मुरतं कुठं?
रेडिएटरला रोज तांब्याभर पाणी लागतं, पण खाली थेंब दिसत नाही? तापलेल्या इंजिनावर गळालेलं पाणी जमिनीवर पडण्याआधीच वाळतं. म्हणून सकाळी, इंजिन गार असताना बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेनं तोंड भाजेल.

दहिवडी-म्हसवडकडं विहिरीचं क्षाराचं पाणी भरलं असेल, तर वाळल्यावर पांढरा ओघळ उरतो. तोच माग! होजपाईपच्या क्लिपा, पाण्याच्या पंपाखालचं बारीक भोक, सगळीकडं बोट फिरवा. तिथं कोरडं असेल तर ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी आत उतरतंय. बहुधा हेडचं गॅस्केट गेलं. मग इंजिन चालू न करता मिस्त्रीला बोलवा. तशीच नांगरट रेटली तर बेअरिंगं जातात, अन् तो खर्च गॅस्केटच्या कितीतरी पट.