हॉर्न नॉट ओके प्लीज!

गांधीबागेतून निघायचं, दिवसभर तळं, टेकडी आणि नदी सायकलवर फिरायची आणि एकाही ट्रकला साइड द्यायची नाही. जमतं? आम्हाला जमलं!

पहाटेचे पावणेपाच. दिवसा ज्या गल्लीत कापडाचे गठ्ठे, हातगाड्या आणि ऑटो यांच्यामधून वाट काढताना घाम फुटतो, ती गांधीबागेची गल्ली या वेळी क्रिकेटच्या पिचसारखी मोकळी. सगळी शटरं खाली. एक गाय, एक चहावाला आणि आमच्या दुकानासमोर उभा असलेला एक छोटा हत्ती. त्यात रामटेकच्या दुकानदाराकडे जाणारे कापडाचे सहा गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर दोरीने बांधलेल्या तीन सायकली.

'सायकलिंगला चालले, अन् सायकल गाडीत?' चहावाल्याने विचारलंच. प्रश्न बरोबर होता. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

एक आरसा, एक हाड

दोन हिवाळ्यांपूर्वी मीही तुमच्यासारखाच होतो. सोमवार ते शुक्रवार मिहानमधलं ऑफिस, एसी, मीटिंगा आणि कॅन्टीनचे समोसे. पोट शर्टाच्या बटणांना त्रास द्यायला लागलं तेव्हा गिअरवाली सायकल घेतली. नागपुरात तेव्हा सायकलची हवा जोरात होतीच. आपल्या शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली होती. सुमारे ४,८०० किलोमीटर आणि तेही बारा दिवसांच्या आत! आपण निदान रामटेक तरी गाठू, असं वाटून एका रविवारी कामठीच्या पुढे जबलपूर हायवेला लागलो.

रामटेक काही आलं नाही. मागून एक ट्रेलर आला आणि त्याच्या आरशाचा खांद्याला धक्का बसला. चूक कोणाची यात आता शिरत नाही. कॉलरबोन तुटली, प्लेट बसली आणि सहा आठवडे मी डाव्या हाताने पोहे खाल्ले. सायकल आईने गच्चीवर नेऊन कुलूप लावून ठेवली. 'पुन्हा त्या ट्रकवाल्यायच्या मधात गेलास तर घरात घेणार नाही, सांगून ठेवते!'

आई चूक नव्हती, हे मलाही कळत होतं. पण गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो की ती धूळ खाणारी सायकल दिसायची आणि कसंसंच व्हायचं. शेवटी तह झाला. किल्ली मिळेल, पण हायवेवर चाक टेकवायचं नाही. आईने माझा हात हातात घेऊन वदवून घेतलं.

लंच ब्रेकमधला शोध

शब्द दिला खरा, पण जायचं कुठे? फुटाळा, अंबाझरी करून झालं. मग ऑफिसात लंच ब्रेकला नेटवर उपग्रहाचे नकाशे बघायची सवय लागली. बाहेरच्या देशांत बिनगाड्यांचे सायकल रस्ते शेकडो किलोमीटरचे आहेत. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने लोक आजीआजोबा-नातवंडांसकट सायकलवर जातात. न्यूझीलंडमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून १५० किलोमीटरचा 'ओटागो सेंट्रल रेल ट्रेल' केला, तो २००० साली सुरू झाला.

मनात आलं, आपल्याकडेही छोटी लाइन होतीच की! नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये थांबली, नागपूर-नागभीड २०१९ मध्ये. पण त्या ब्रॉडगेज करण्यासाठी थांबवल्या. छिंदवाड्याला आता मोठी गाडी जाते, आणि ते योग्यच आहे. सायकलवाल्यांच्या हौसेसाठी गावांची गाडी कोण बंद ठेवेल?

मग एका दुपारी नकाशात रामटेकजवळ एक निळी रेघ दिसली आणि तिच्या बाजूने एक बारीक तपकिरी रेघ. पेंचचा डावा कालवा! आणि ती तपकिरी रेघ म्हणजे कालव्याच्या देखभालीसाठी केलेला मुरमाचा रस्ता.

आता यातली गंमत ऐका. कालव्यातलं पाणी पंपाने नाही, उताराने वाहतं. त्यामुळे कालवा खोदणारे इंजिनिअर टेकडी आली की तिच्यावर चढत नाहीत, तिला वळसा घालतात. उतार इतका कमी ठेवतात की तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणजे कालव्याच्या कडेचा रस्ता टेकड्यांमधून जातो, पण तुम्हाला टेकडी चढायला लावत नाही! रेल्वेमार्गाचंही तसंच असतं. ऑफिसच्या खुर्चीने बिघडवलेल्या गुडघ्यांसाठी याहून चांगला रस्ता कोणता?

रामगिरीच्या पायथ्याशी

तर म्हणून छोटा हत्ती! हायवेचा भाग त्याच्यावर सोपवला. मी, शाळेपासूनचा एक दोस्त, ऑफिसातली एक मैत्रीण आणि ऐन वेळी, माल उतरवायच्या निमित्ताने, बाबा. साडेसहाला रामटेक. गठ्ठे उतरले, सायकली उतरल्या, तर्री-पोहे झाले. बाबा ड्रायव्हरभाऊंसोबत दुकानदाराकडे थांबले आणि आम्ही निघालो.

आधी खिंडसी. १९१३ सालचा हा तलाव तिन्ही बाजूंनी टेकड्यांनी वेढलेला आहे. नोव्हेंबरच्या सकाळी पाण्यावर धुकं होतं, बगळे होते आणि आमच्या तिघांच्या साखळ्यांचा आवाज होता. बाकी काही नाही. मैत्रीण पाच मिनिटं गप्प बसली. तिच्यासोबत काम करणाऱ्यांना कळेल की ही बातमी आहे!

मग परत रामटेकला आणि गडाखालच्या अंबाळा तलावाकडे. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. ढगाकडे निरोप देणाऱ्या त्या यक्षालाही ट्रॅफिक नको होतं बहुतेक! तलावाकाठी शिंगाडे घेतले. उकडलेले, गरमागरम. प्रोटीन बारपेक्षा कितीतरी सरस, माझ्यावर विश्वास ठेवा.

पाण्याच्या उलट दिशेने

कालव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा नऊ वाजले होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापणीला आलेलं धान आणि पलीकडे सागाच्या टेकड्या. तासाभरात भेटलं कोण? दोन बैलगाड्या, एक ट्रॅक्टर, बकऱ्यांचा एक कळप आणि शाळेत चाललेल्या चार मुली. त्याही सायकलवर. त्यांनी आमच्या हेल्मेटकडे पाहून तोंडावर ओढणी धरली आणि हसत पुढे गेल्या. आमच्यापेक्षा जोरात!

खरं सांगू? पहिली काही मिनिटं मी दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होतो. मागून काहीतरी येतंय असं वाटायचं. खांदा आपोआप आखडायचा. मग कधीतरी लक्षात आलं की बराच वेळ आपण मागे पाहिलेलंच नाही. प्लेट काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता बरा झालास. मला वाटतं, मी त्या दिवशी बरा झालो.

मनसरजवळ हायवे आडवा आला. हेच ते वाकाटकांच्या काळचे अवशेष उत्खननात सापडलेलं मनसर. तिथे मी सायकलवरून उतरलो, ती हाताने धरली आणि पायी पलीकडे गेलो. दोस्त हसला. 'काऊन बे, आई बघून राहिली का इथं?' बघत नव्हती. पण शब्द चाक टेकवायचा होता आणि पायी ढकलतानाही चाक टेकतंच, म्हणून मी सायकल उचलून खांद्यावर घेतली. त्याच खांद्यावर!

तिथून पुढे पेंचच्या दिशेने. दुपारी नवेगाव खैरीचं धरण आलं. इथूनच पेंचचे दोन्ही कालवे निघतात. डावा, ज्याच्या काठाने आम्ही आलो, तो रामटेक-मौद्याकडे शेतांना पाणी नेतो. उजव्या कालव्याच्या बाजूने नागपूरला पिण्याचं पाणी येतं. वर पेंच नदीवर तोतलाडोहचं मोठं धरण आणि वाघाचं जंगल. घरी नळ सोडताना आपण कधी विचार करतो का, की हे पाणी कुठल्या डोंगरांमधून आलंय? पन्नासेक किलोमीटर सायकल चालवून त्या पाण्याच्या दारात पोचल्यावर बाटलीतला घोट वेगळाच लागतो.

बाबांची एक फेरी

छोटा हत्ती न्यायला आला, त्यात बाबा होते. सायकली चढवायच्या आधी बाबा म्हणाले, 'आण बरं इकडे.' आणि चढले माझ्या सायकलवर! बासष्टाव्या वर्षी, पॅन्टचा पायचा मोज्यात खोचून. कालव्याच्या कडेने दूरवर गेले, वळले आणि परत आले. चेहरा लाल, पण हसरा.

मग गाडीत सांगितलं. आजोबा गांधीबागेतून सायकलच्या कॅरिअरला कापड बांधून रामटेकच्या बाजारात यायचे. लहानपणी एकदा बाबाही दांडीवर बसून आले होते. मी विचारलं, 'कोणत्या रस्त्याने? हा कालवा तर तेव्हा नव्हता.'

'हायवेनंच की. तेव्हा तो सगळाच रस्ता असा होता.'

यावर कोणी काही बोललं नाही. कन्हानच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत आम्ही वीस मिनिटं अडकलो होतो.

घरी आईने पहिल्यांदा माझा खांदा पाहिला, मग बाबांच्या पॅन्टवरची साखळीच्या ग्रीसची खूण. 'हे कोणाचे उद्योग?' बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सायकल आता गच्चीवर नाही, जिन्याखाली असते. कुलूप आहे, पण किल्ली माझ्याकडे.

तुम्ही निघणार असाल तर...

* मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विदर्भाच्या मे महिन्यात हा प्रयोग नको, प्लीज.
* टायर रुंद हवेत. मुरूम आणि बाभळीचे काटे बारीक टायरचं काही खरं ठेवत नाहीत. दोन जादा ट्यूब, पंप आणि पॅच किट घ्याच.
* कालव्यात उतरू नका. पाणी शांत दिसतं, पण ओढ जोराची असते आणि कडा निसरड्या असतात. पाय धुवायलाही नाही.
* रस्ता कालव्याच्या कामासाठी आहे, आपल्या रेससाठी नाही. ट्रॅक्टर, बैलगाडी आणि बकऱ्या यांना आधी वाट द्या. कुठे मनाई असेल तर मागे फिरा.
* हेडफोन बॅगेत. जंगलाचा भाग जवळ आहे, म्हणून अंधाराच्या आत परत.
* छोटा हत्ती नसेल तर इतवारीहून रामटेकला पॅसेंजर गाडी आहे. वेळ आणि सायकल नेण्याचे नियम स्टेशनवर आधी विचारून घ्या.
* मुक्काम करणार असाल तर पेंचच्या बाजूला सिल्लारीकडे करा. पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. दिवसा हॉर्न नाही आणि रात्री दिवे नाहीत. वीकेण्डला आणखी काय हवं?